कानामागची पेन्सिल

४ जून

प्रिय मामी,

फोन केला की तू "बरी आहे, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

मला नोकरी लागली. मुलींच्या कॉलेजात, तेच ते, मामांच्या छापखान्यापासून दोन रस्ते पलीकडचं. पदाचं नाव भारदस्त आहे, अभिलेख सहायक. पुढे बारीक अक्षरात हंगामी. खोली व्यायामशाळेच्या मागे आहे. भिंतीपलीकडे मुली उड्या मारतात, त्यामुळे माझ्या टेबलावरची धूळ कधी खाली बसत नाही.

काम असं: मुलींनी प्रवेश घ्यावा म्हणून हे कॉलेज सुरुवातीपासून दर वर्षी जी माहितीपत्रकं, पुस्तिका, भित्तिपत्रकं छापत आलं, ती शोधायची, वर्षवार लावायची, नोंदवायची. ऑगस्टमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे. मामी, इतकं सलग खोटं मी एका खोलीत कधी पाहिलं नव्हतं. वसतिगृह दर वर्षी "हवेशीर". मी जाऊन पाहिलं, खिडकी उघडली की समोर भिंत. जेवण दर वर्षी "सकस". प्रयोगशाळेच्या फोटोत दर वर्षी तोच सांगाडा, शेजारची मुलगी तेवढी बदलते. एका वर्षी मुलगी नीट आली नसावी, सांगाड्यालाच पुढे घेतलंय. तो हसतमुख आहे.

पण एक चित्र मात्र सगळ्यांचं लाडकं आहे. एका जुन्या माहितीपत्रकाच्या कव्हरवर एक मुलगी खिडकीत पाठमोरी बसून पुस्तक वाचते आहे. अंगात त्या वेळचा कॉलेजचा काळा झगा, पाठीवर लांब वेणी, आणि कानामागे पेन्सिल. खाली एकच ओळ: "ही जागा तुमची आहे." त्या चित्राचं इथे वेड आहे. पहिल्या दिवशी नव्या मुलींचा फोटो काढतात तेव्हा प्रत्येकीने कानामागे पेन्सिल खोचायची, अशी रीतच पडली आहे. कपांवर, पिशव्यांवर, फाटकावर, सगळीकडे ती मुलगी. आमच्या प्राचार्यबाई स्वतः हे कव्हर पाहून घरातून भांडून इथे शिकायला आल्या होत्या, असं त्या दर भाषणात सांगतात.

आणि एवढ्या प्रसिद्ध कव्हरची आमच्याकडे एकच प्रत आहे. तिच्यावर कोणीतरी झुरळ मारलंय. बरोबर मानेवर.

ही पत्रकं मामांच्याच छापखान्यात छापली जायची ना? आई म्हणते, तिचा भाऊ खराब झालेल्या प्रती घरी आणायचा. काही उरल्यात का?

तुझी,
ठकी


११ जून

चि. ठकीस,

फोनवर माणूस बरं आहे याशिवाय काय सांगणार? बरं नाही म्हटलं तर समोरचा घाबरतो, मग त्यालाच धीर द्यावा लागतो.

उरल्यात. एक ट्रंकभर आहेत, शिवाय स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरलेल्या. माझे डबे इतकी वर्षं तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या अटींवर उभे आहेत. कुणी कमी पडला नाही.

लग्न झालं तेव्हा आम्ही छापखान्याच्या मागच्याच खोलीत राहायचो. तुझे मामा दिवसभर खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे आणि संध्याकाळी वाकडे छापलेले, शाई सांडलेले कागद घरी आणायचे. मला शाळेतून लवकर काढलं होतं, अक्षरं ओळखीची होती पण एकमेकांशी बोलत नव्हती. मी वाचायला शिकले ती ह्या कागदांवर. पहिला अवघड शब्द हवेशीर. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे अर्थ विचारावा लागला. प्रवेश-अर्ज कसा भरावा हे मला अजून तोंडपाठ आहे. भरायची वेळ तेवढी आली नाही. पुढे हातात येईल ते वाचत गेले, पण सुरुवात ह्याच थापांवर झाली, म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

ट्रंक पाठवते. त्या वर्षीची प्रतही त्यात आहे, पण फक्त आतली पानं. कव्हर नाही. कुठे गेलं ते विचारू नकोस.

त्या बदल्यात मला एक हवंय. त्या खिडकीच्या चित्राचा मूळ फोटो कॉलेजकडे कुठेतरी असणार. त्याची एक मोठी, स्वच्छ प्रत काढून मला दे. झुरळाशिवाय. म्हातारीला भिंत रिकामी दिसते, एवढंच कारण समज. भिंतीवर तुझे मामा आहेत म्हणा, पण तो फोटो छापखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे बघतात. मी रोज सकाळी त्यांना सांगते की तुम्ही काही केलेलं नाही.

त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. मी जेवते, झोपते, वाचते. तू काळजी करू नकोस.

तुझी मामी


२७ जून

प्रिय मामी,

ट्रंक आली. शिपायाने ती उघडली आणि म्हणाला, यात हळदीचा वास येतो. मी म्हटलं, अभिलेखांना वास असतोच.

तुझ्यामुळे मधली बरीच वर्षं भरून निघाली. आणि दुसरी गंमत, जुन्या कपाटात फोटोग्राफरची मूळ निगेटिव्ह सापडली. मी प्रत काढून घेतली. मामी, काय स्पष्ट आहे. मानेवरचे बारीक केस मोजता येतील.

पण तुला लगेच पाठवता येत नाही. मागे एका पंख्यांच्या कंपनीने कॉलेजच्या एका मुलीचा फोटो न विचारता जाहिरातीत वापरला होता, तेव्हापासून प्राचार्यबाईंचा नियम आहे: चित्रातल्या माणसाची परवानगी मिळाल्याशिवाय प्रत बाहेर जाणार नाही. म्हणून मग ही मुलगी कोण, ते शोधायचं ठरलं. माजी विद्यार्थिनींना आवाहन केलं.

तिघी आल्या. एक निवृत्त न्यायाधीशबाई. त्यांनी पाठ वळवून उभं राहून दाखवलं आणि म्हणाल्या, हा पुरावा. दुसऱ्या बाई त्या वर्षी कॉलेजात नव्हत्याच, पण त्यांना बसल्याचं आठवतं. त्यांना काहीही विचारलं की आठवतं. तिसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, केस अगदी बारीक कापलेले. त्या चित्राकडे पाहून फक्त "ही मीच" म्हणाल्या आणि चहा मागितला. कधी बसलात, कोणी बसवलं, काही आठवत नाही. पण ठाम.

आता गुपित. मामी, तुला ही प्रत का हवी ते माझ्या लक्षात आलंय. रात्री अंथरुणात पडल्यावर एकदम उजेड पडला. छापखाना शेजारी, कव्हर घरातून गायब, आणि तुझं ते "कुठे गेलं ते विचारू नकोस". मी कुणाला बोलले नाही. तू म्हणशील तसं करू.

तुझी,
ठकी


३ जुलै

चि. ठकीस,

शहाणी गं माझी ती. तुझ्या आईलाही इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

तुझ्या लक्षात आलंच आहे तर लपवण्यासारखं काही नाही. प्राचार्यबाईंना सांगून टाक. मला वाटायचं, लोक हसतील. पण हसले तर हसू देत, ह्या वयात लाज कुणाची बाळगायची? फक्त नीट सांग, थट्टा करून नको. आणि परवानगीचंच अडलं असेल तर ती देणारी आता मीच उरले आहे. दिली म्हणून सांग.

मग फोटो लवकर पाठव. जाड पुठ्ठ्यात घालून पाठव, पोस्टमन घडी घालतो.

तुझी मामी


१० जुलै

प्रिय मामी,

पत्र मिळाल्याबरोबर मी प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं, खिडकीतली मुलगी माझी मामी आहे.

बाई उभ्या राहिल्या. मग बसल्या. मग परत उभ्या राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तुला शाळेतून काढलं, तू ह्याच पत्रकांवर वाचायला शिकलीस, आणि कॉलेजात पाऊल न टाकता कॉलेजच्या खिडकीत बसलीस. मामांनी तुला तिथेच पाहिलं असणार, हे माझ्या पदरचं जोडलं, पण तसंच ना? बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना कधी कुणी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे शिपाई पाणी आणायला गेला आणि आलाच नाही.

आता ऐक. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तूच प्रमुख पाहुणी. संस्थेच्या अध्यक्षांनी होकार दिला, ते भाषण करणार आहेत, "जिने दार उघडलं ती". निमंत्रणपत्रिका छापायला गेली. तुझ्या हातात मानपत्र देतील, आणि तुझा तो फोटोही, चौकटीत घालून. मंचावर सगळ्या मुली कानामागे पेन्सिल लावून उभ्या राहतील.

तू दोन शब्द बोलशील ना? "हवेशीर"ची गोष्ट सांग.

तुझी,
ठकी


१४ जुलै

ठके,

निमंत्रणपत्रिका थांबव. अजून छापली नसेल तर थांबव आणि छापली असेल तर माळ्यावर टाक, फळ्यांना लागेल.

मी कुठली गं खिडकीत बसते? ते तुझे मामा आहेत.

मला वाटलं तुला हेच कळलं. मी तुझं पत्र परत काढून वाचलं, तू कुठेच त्यांचं नाव घेतलेलं नाहीस, आणि मीही माझ्या पत्रात घेतलं नाही. दोघी आपापल्या परीने शहाण्या.

आता नीट सांगते. त्या वर्षी कॉलेजने ठरवलं की कव्हरवर शिकणारी मुलगी हवी, इमारत नको. फोटोग्राफर आला. पण एकाही मुलीचा बाप तयार होईना. पोरीचा फोटो छापून गावभर वाटायचा म्हणजे काय. तेव्हाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, पाठमोरी बसवू, चेहरा दिसणार नाही. बाप म्हणाले, पाठही आमचीच आहे. हे त्याच वेळी आतल्या पानांची प्रुफं तपासून घ्यायला कॉलेजात गेले होते. अंगाने काडी, खांदे मुलीसारखे, लग्न व्हायचं होतं. फोटोग्राफर कंटाळला होता. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ह्यालाच बसवा. मोठ्या बाई आयुष्यात एकदाच हसल्या म्हणे, ती ही वेळ. नाटकाच्या कपाटातून झगा काढला, एक वेणी होती ती डोक्याला बांधली आणि ह्यांना खिडकीत बसवलं. पेन्सिल कुणी मुद्दाम खोचलेली नाही. प्रुफं तपासणाऱ्या माणसाच्या कानामागे ती असतेच, काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची तुम्ही रीत केलीत. हे ऐकायला ते हवे होते.

"ही जागा तुमची आहे" ही ओळ मोठ्या बाईंची, पण तिचे खिळे जुळवले ह्यांनीच. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस. स्वतःच्या पाठीखाली ती ओळ बसवताना काय वाटलं, ते मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, जागा जरा कमी पडत होती, टाइप लहान घेतला.

आणि माझं ऐक. लग्न होऊन आले तेव्हा हे कव्हर त्यांच्या उशीखाली होतं. मला वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. खिडकीत बसलेली, पुस्तक वाचणारी, लांब वेणीची मुलगी. पहिलं वर्षभर मी तिला सवत समजून घरात वावरले. रागाने वाचायला शिकले असं म्हटलं तरी चालेल, तिच्याखाली काय लिहिलंय ते कळायला हवं होतं. कळलं तेव्हा रडायलाच बसले, म्हटलं, तिची जागा आहे तर मला कशाला आणलंत? तेव्हा त्यांनी सांगितलं. सांगता सांगता हसून खोकला लागला, पाठ थोपटावी लागली. त्या क्षणी मी पाठ ओळखली.

ते गेले त्या दिवशी कव्हर मी त्यांच्या खिशात ठेवलं. तेव्हा तेच बरोबर वाटलं. आता वाटतं, आधी त्याची प्रत काढायला हवी होती.

तुला कारण हवं होतं. चेहऱ्याची मला आठवण आहे, आणि शेवटच्या महिन्यांतला चेहरा नसता आठवला तर बरं असं वाटतं. पण मी आयुष्यभर त्यांना पाहिलं ते पाठीमागून. पुढे तेच चालायचे, खिळ्यांच्या पेटीवर वाकलेलेही तेच. अजून बाजारात तशी मान दिसली की माझे पाय भरभर चालायला लागतात. त्या पाठीचा जगात एकच फोटो आहे.

बाईंना खरं सांग. मला मानपत्र नको, फोटो हवा.

मामी


२९ जुलै

प्रिय मामी,

पत्र लिहायला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

तुझं पत्र मी खोलीत बसून वाचलं. इतकी हसले की भिंतीपलीकडच्या उड्या थांबल्या. मग शेवटच्या परिच्छेदाला आले. मग मोठी प्रत काढून पाहिली. मामी, ते कान. लहानपणी खांद्यावर बसून ज्या कानांना धरून मी गावभर फिरले, ते मला ओळखता आले नाहीत. डोक्यात "मुलगी" बसली होती, मग कानही मुलीचेच दिसतात.

प्राचार्यबाईंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. त्या मुलीसाठी त्यांनी घरदार सोडलं होतं. शेवटी एवढंच विचारलं, "पुस्तक कोणतं होतं?" मला माहीत नव्हतं.

पण अध्यक्ष भडकले. मुलींच्या कॉलेजच्या दारात आपण इतकी वर्षं पुरुष बसवला होता, हे बाहेर गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाले. चित्र प्रदर्शनातून काढायचं, कपांवरून, फाटकावरून सगळीकडून हळूहळू उतरवायचं. निगेटिव्ह आणि मी काढलेली प्रत त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. नवीन कव्हरसाठी ते इमारतीचा फोटो सुचवतात.

मी उतावळेपणा केला नसता तर प्रत तुझ्याकडे केव्हाच पोचली असती. मला माफ कर.

ठकी


२ ऑगस्ट

चि. ठकीस,

माफी कसली. एक चूक दोघींनी अर्धी अर्धी केली, त्यात तुझी मोठी कशी?

अध्यक्षांना माझा निरोप दे. तुझ्या मामांनी कुणाची जागा घेतली नाही. जागा रिकामी होती. मुलींच्या बापांनी ती रिकामी ठेवली होती. हे तिथे मुली यायच्या होत्या तोवर थोडा वेळ बसले, आणि मुली आल्यावर उठले. त्यात लाज वाटायची असेल तर ती बापांना वाटू दे.

बाईंना सांग, भूमितीचं पुस्तक होतं. हलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी खरोखर वाचलं. कळलं काहीच नाही, पण आकृत्या फार आवडल्या. त्यानंतर जन्मभर प्रत्येक घराचा कोपरा बोटांनी मापून बघायचे, काटकोन आहे का. कुठल्याच घराचा नसतो. ह्याचाही नाही. मी झाडताना अजून बघते.

फोटो मिळणार नसेल तर नसो. एवढे दिवस नव्हताच.

मामी


१६ ऑगस्ट

प्रिय मामी,

बॅग भर.

काल दाव्याचा निकाल सांगायला तिघींना बोलावलं होतं. अध्यक्ष होते, प्राचार्यबाई होत्या, मी होते. प्राचार्यबाईंनी तुझा निरोप आणि सगळी हकीकत सांगितली, अगदी जशीच्या तशी, भूमितीसकट. न्यायाधीशबाईंनी दावा मागे घेतला, सन्मानाने. दुसऱ्या बाईंना आता पुरुष बसल्याचंही आठवतं, त्या शेजारीच उभ्या होत्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र उठेनात. म्हणाल्या, भिंग आणा. अध्यक्षांना कपाट उघडून प्रत काढावी लागली. बाईंनी भिंग लावून चित्र इंचाइंचाने पाहिलं, किडका दात शोधतात तसं. मग म्हणाल्या, "माणूस कोण का असेना, वेणी माझी आहे."

अध्यक्ष म्हणाले, ती नाटकाच्या कपाटातली खोटी वेणी.

"खोटी कशी? माझ्या डोक्यावरची आहे," बाई म्हणाल्या. मग सांगितलं. पहिल्या वर्षीच त्यांचे वडील त्यांना लग्नासाठी घरी न्यायला निघाले होते. मुलाकडच्यांना मुलीचे केस फार आवडले होते. वडील यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी वसतिगृहाच्या त्या हवेशीर खोलीत कात्रीने वेणी मुळापासून कापली. वडिलांनी पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. पुढे बाईंनी केस कधी वाढवलेच नाहीत. वेणीचं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी ती उचलून नाटकाच्या कपाटात ठेवून दिली असणार. वेणीच्या टोकाला एक गाठ आहे, ती त्यांच्या आईची घालायची पद्धत. म्हणून चित्र पाहिल्याबरोबर त्यांना वाटलं, ही मीच.

प्राचार्यबाई म्हणाल्या, "आपला नियम आहे, चित्रातल्या माणसाची परवानगी लागते."

"माझी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेणीची. कानांची कुणाला विचारायची?"

मी म्हटलं, कानांची मामीने जुलैतच दिली आहे.

अध्यक्षांनी पुन्हा इमारतीच्या फोटोचा विषय काढला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमची वरची दाढ मीच काढली होती ना? तेव्हाही तुम्ही असेच अडून बसला होतात." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

चित्र लागतंय, दारातच. तुझी प्रत चौकटीत घालून माझ्या टेबलावर आहे. पोस्टाने पाठवणार नाही, घडी घालतात. येऊन घेऊन जा.

तुझी,
ठकी


३० ऑगस्ट

चि. ठकीस,

सुखरूप पोचले. फोटो सगळा प्रवास मांडीवर होता. शेजारच्या बाईने डबा ठेवायला जागा मागितली, दिली नाही.

तुझं प्रदर्शन चांगलं झालं. सांगाड्यांची रांग तर फारच छान, मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली आहे. आणि प्राचार्यबाईंनी चित्राखाली लावलेली ती पाटी मी लिहून आणली, रोज एकदा वाचते. "बसलेले: छापखान्याचे कंपोझिटर. वेणी: माजी विद्यार्थिनी. पुस्तक: भूमिती. पेन्सिल: विसरलेली."

तू माणसांत होतीस, म्हणून तुला एक सांगायचं राहिलं. गर्दी ओसरल्यावर मी आणि डॉक्टरीणबाई दोघीच चित्रासमोर उभ्या होतो. एवढं मोठं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं रडू येईल. बाई म्हणाल्या, "मान छान आहे हो तुमच्यांची." मी म्हटलं, वेणीने शोभा आली. त्या म्हणाल्या, जड होती, त्यांना बिचाऱ्यांना दुखलं असेल. मी म्हटलं, दुखलं होतं, दोन दिवस मान धरली होती. त्यांनी हात पुढे करून चित्रातल्या वेणीच्या टोकाला बोट लावलं, आणि मी मानेला लावलं. रखवालदार म्हणाला, चित्राला हात लावू नका. आम्ही काढले.

ओळखपत्राचा फोटो उतरवला नाही. तो तिथेच आहे, आणि हा समोरच्या भिंतीवर. आता ते स्वतःच्याच पाठीकडे बघत असतात. चोरी केल्यासारखे दिसत नाहीत, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे दिसतात.

काल गॅसवाला आला होता. सिलिंडर ठेवून घाम पुसत चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, मुलगी वाटतं तुमची, आजी? शिकायला बाहेर आहे?

मी म्हटलं, हो, बरीच लांब आहे. हुशार आहे, पत्र तेवढं टाकत नाही.

तुझी मामी